मदत हवी आहे: काजूचा सॉस रवाळ, नारळाचा फुटलेला

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवण मीच करते. येत्या शनिवारी चौघं येताहेत, त्यातल्या दोघी दूध-दही-तूप काहीच खात नाहीत. फोनवर म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडे काजू-नारळ आहेत ना, पांढऱ्या सॉसचा पास्ता कराल?" मी हो म्हणून बसले. घरात काजू, परसात माड, अडणार कुठे? अडलं.

आधी काजू. वाटीभर तुकडा (अख्खा काजू वाटायला माझा जीव होत नाही) अर्धा तास गार पाण्यात भिजवला आणि मोठ्या भांड्यात दोन वाट्या पाण्याबरोबर फिरवला. जिभेला बारीक रवा लागतोच. गाळला तर अर्धा काजू गाळणीत. वर गॅसवरून उतरवताना छान होता, ताटात जाईपर्यंत पिठल्यासारखा गोळा.

मग नारळाचा रस. लसूण परतली, रस ओतला आणि नेमका फोन आला. खळखळून उकळला. वर तेलाचे थेंब, खाली पांढरे कण. त्यात लिंबू पिळलं, मग तर बघायलाच नको. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "अगो, रस असो खळखळवतत काय?" सोलकढी आपण चुलीवर चढवत नाही हे खरं, पण पास्त्यावर गार रस कसा घालू? डब्यातलं नारळाचं दूध फुटत नाही, ते कशामुळे? टोफू सुचवू नका, इथे मिळत नाही.

प्रतिसाद

काकू, काजूत स्टार्च असतो. तापला की दाटतो, गार होताना आणखी. हवा त्यापेक्षा पातळ असतानाच गॅस बंद करा आणि पास्ता उकळलेलं पाणी वाटीभर बाजूला ठेवा, वाढताना लागेल तसं घालायला.

रवाळपणा पाण्यामुळे. एकदम दोन वाट्या ओतल्यात की तुकडे पात्याला चुकवत पोहत राहतात. काजू उकळत्या पाण्यात तासभर ठेवा, चटणीच्या छोट्या भांड्यात जेमतेम पाणी घालून आधी गंधासारखं वाटा. चिमटीत चोळून बघा, कण लागला तर पुन्हा फिरवा. बाकीचं पाणी नंतर.

प्रतिसाद

रसातलं तेल पाण्यात धरून ठेवतात ती नारळातली प्रथिनं. जोरात उकळलं की ती गोळा होतात आणि तेल सुटतं, आंबटानेही तेच. डब्यातल्या दुधात बहुतेक वेळा गवार गम वगैरे घातलेलं असतं, म्हणून ते टिकतं. तुम्ही पातळ (दुसऱ्यांदा पिळलेल्या) रसात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून शिजवा, जाड (पहिला) रस शेवटी मंद आचेवर. कडेला बुडबुडे दिसले की उतरवा. लिंबू त्यानंतर.

धागाकर्ती

आज दोन्ही एकत्र केलं! काजूचं वाटण पातळ रसात शिजवलं, वरून जाड रस. काजूनेच दाटपणा आला, पीठ लागलं नाही. मध्येच लाईट गेली म्हणून शेवटचा हात पाट्यावर मारला, आणि खरं सांगते, मिक्सरपेक्षा तेच मऊ झालं. सासूबाईंनी बोट चाटून "मीठ कमी" एवढंच म्हटलं, म्हणजे पास.

एकच राहिलं. रंग करडा आलाय. काजूची साल राहिली असेल का?

प्रतिसाद

साल नाही, नारळाची पाठ असणार, म्हणजे खोबऱ्याची करवंटीकडची तपकिरी बाजू. कवड खोवताना करवंटीपर्यंत खरवडता ना? पांढरं संपत आलं की थांबा. उरलेलं चटणीला घ्या.

धागाकर्ती

खरवडते. वाया जायला नको म्हणून.