'स्टॉप'ला मराठीत काय म्हणावं? (पाइप ऑर्गनचे शब्द)

खामल्याचा अनुवादक : नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमधल्या पाइप ऑर्गनवरचा (वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्यांचं मोठं वाद्य) एक लेख मराठीत आणतोय आणि दोन दिवसांपासून एका वाक्यावर अडलोय. वादक शेवटच्या कडव्याआधी एकेक 'स्टॉप' ओढत जातो आणि सगळं चर्च आवाजाने भरून जातं. एवढंच वाक्य. खर्डा बायकोला दाखवला. ती म्हणाली, "'त्याने सगळे थांबे काढले' म्हणजे काय? ड्रायव्हरने बर्डीपासून बस थांबवलीच नाही का?" थांबा तिथेच बाद.

गंमत म्हणजे तो स्टॉप काही थांबवत नाही. नळ्यांच्या प्रत्येक ओळीखाली भोकं पाडलेली एक लांब लाकडी पट्टी असते. स्टॉप म्हणजे तिचा दांडा. तो ओढला की ती सरकते, भोकावर भोक येतं आणि ती ओळ वाजायला मोकळी होते. दांडा आत ढकलला की ओळ बंद.

'पाइप'चंही तेच दुखणं. 'नळवाद्य' लिहावं तर मे महिन्यात आपल्याकडे लोक बादल्या घेऊन उभे राहतील. 'नलिका' म्हटलं की जीवशास्त्राचा तास. आणि नुसतं 'ऑर्गन' लिहिलं की मराठी वाचकाला संगीत नाटक दिसतं: गंधर्व नाटक मंडळी, पुढे बसलेले साथीदार, नांदीचा सूर. तो ऑर्गन पायाने भाता हलवून वाजवायचा, आत पितळी सूर (वाऱ्याने थरथरणाऱ्या पात्या), नळी एकही नाही. हार्लेमचा 1738 साली पुरा झालेला, नळ्या पाच हजारांवर. एकाच नावाची दोन वाद्यं.

व्युत्पत्तीवेडा : मूळ ग्रीक 'ऑर्गानॉन', म्हणजे अवजार, साधन. म्हणून शरीरातलं मूत्रपिंडही ऑर्गन आणि चर्चमधलं वाद्यही ऑर्गन. मी एकदा यंत्राकडून अनुवाद करून घेतला तर 'चर्चमधील ऐतिहासिक अवयव' असा मथळा आला होता. 'पाइप ऑर्गन' तसाच ठेवा, मराठीकरणाचा हट्ट नको.

महालातला पेटीवाला : अनुवादक भाऊ, तुम्ही उगाच दूर जाऊन राहिले. शब्द घरात आहे. माझ्या वडिलांचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. पेटीत सुरांच्या ओळी असतात: खर्ज, नर आणि मादी. खर्ज खालचा, नर मधला, मादी वरची. समोर ज्या खुंट्या दिसतात त्यातली ओढली की त्या ओळीकडे वारा जातो. तुमच्या स्टॉपचं काम हेच ना? आमच्याकडे खुंटीच म्हणत. गिऱ्हाईक पेटी ठेवून म्हणायचं, "खुंटी ओढतो पण नर बोलून नाही राहिला." वडील आधी खुंटीमागची पट्टी बघायचे. तिला चिकटवलेलं चामडं सुकून वाकडं झालेलं असायचं, पट्टी वर उचलायचीच नाही. सुराला हातही लावावा लागत नसे.

आणि हो, सूर 'बोलतो' किंवा 'मुका होतो' म्हणतात. नळीलाही तेच चालवा.

खामल्याचा अनुवादक : काका, हे तर चपखल बसतंय! ऑर्गनच्या खुंटीवर फूट लिहिलेले असतात. 8 फुटी म्हणजे त्या ओळीतली सगळ्यात खालच्या सुराची उघडी नळी साधारण आठ फूट लांब. 4 फुटी ओळ एक सप्तक वर, 16 फुटी एक सप्तक खाली. म्हणजे 8 नर, 4 मादी, 16 खर्ज. लेखात नर-मादी लिहिणार नाही, संपादक फोन करतील. खर्ज मात्र नक्की घेतो.

हार्लेमला 32 फुटीही आहे. तिचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा. मी तिथे उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी ऐकलाय, पण 'ऐकला' हे क्रियापद खोटं आहे. आधी बाकाची पाठ थरथरली, मग पोटात काहीतरी हललं, आणि कान म्हणतायत की काही वाजलंच नाही. याच वाद्यावर 1766 मध्ये दहा वर्षांचा मोझार्ट बसला होता. नंतर माहिती देणाऱ्या बाईंनी वर नेऊन एक पट्टी दाबू दिली. पेटीची पट्टी बोटाखाली लगेच बसते. ही सुरुवातीला अडते, मग एकदम सुटते, कारण पट्टीपासून नळीखालच्या झडपेपर्यंत लाकडी काड्यांची साखळी ओढली जाते. झडप उघडल्याचं बोटाला कळतं. त्या 'सुटण्या'ला शब्द आहे का?

महालातला पेटीवाला : बंदुकीच्या चापासारखं 'तुटणं' म्हणता येईल. पण ते चर्चात बरं नाही दिसणार. सुटणंच ठेवा.

सदरची ताई : मी चर्चला जाणारी, म्हणून दोन शब्द सांगते. तुमच्या खर्ड्यात 'प्रेक्षक' आहेत. उपासनेला बसतात ती मंडळी, प्रेक्षक नव्हे. आणि कृपा करून 'प्रार्थनागीताचा परफॉर्मन्स' काढून टाका. आम्ही 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातून गीत म्हणतो, बस.

माझी आजी आमच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पायपेटी वाजवायची. पाय थकले की तिसऱ्या कडव्याला आवाज बसायचा, मंडळी आपोआप हळू गायची. विजेचे पंखे येण्याआधी या मोठ्या ऑर्गनलाही मागे माणसं भाता मारायला लागत, असं वाचलंय. त्यांना काय म्हणणार?

व्युत्पत्तीवेडा : भातेकरी?

महालातला पेटीवाला : असं कोणी बोलत नाही. 'भात्यावरचा माणूस'. लोहाराकडेही तेच म्हणतात.

सदरची ताई : आणखी एक. 'सुरांची आस बराच वेळ रेंगाळली' लिहिलंय. आस तंबोऱ्याची. तार छेडली की ती स्वतःच वाजत राहते. नळीचं तसं नाही, पट्टी सोडली की वारा बंद, नळी तिथल्या तिथे मुकी. उरतो तो इमारतीचा. त्याला घुमारा म्हणा.

खामल्याचा अनुवादक : पटलं. एवढा फरक मला तिथे बसूनही कळला नव्हता. वाद्य गप्प झाल्यावरही छताशी काहीतरी चालू होतं, ते मी वाद्याच्या खात्यावर लिहून मोकळा झालो.

तर वाक्य असं: "शेवटच्या कडव्याआधी त्याने एकामागून एक खुंट्या ओढल्या. खर्जाची ओढली तेव्हा मंडळींच्या बाकांपर्यंत थरथर पोचली, आणि गीत संपल्यावरही छताखाली घुमारा राहिला." चालेल?

सदरची ताई : चालेल. 'मंडळींच्या'ऐवजी 'मंडळीच्या'. चर्चच्या बोलीत ती एकवचनी असते.

महालातला पेटीवाला : 'ओढल्या'च ठेवा हां. संपादक 'खेचल्या' करतील. खेचली की खुंटी हातात येते.