प्रतिसाद: यंदा बोट पाण्यात उतरवायचीच नाही

घराचं काम आणि मुलीची परीक्षा, म्हणून यंदा बोट काढणार नाही, पण मन खातंय असं तुम्ही लिहिलंय. खाऊ देऊ नका हो. मी मागे एक हंगाम असाच सोडला होता. पहिले दोन रविवार चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली.

फक्त 'नुसती उभीच तर आहे' म्हणून बोटीकडे दुर्लक्ष नको. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, म्हणून टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते द्रव्य कार्ब्युरेटरपर्यंत, जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथपर्यंत, पोचतं. जुनं ऑइल आत्ताच बदला. बॅटरी काढून अधूनमधून चार्ज करा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची (फिरत्या चाकाची) रबरी पाती महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाकलेली राहतात आणि तशीच आखडतात. पुढच्या हंगामाआधी तो नवाच टाका.

माझी चूक वेगळीच होती. ताडपत्री इतकी घट्ट आवळली की आत वाराच शिरेना. उघडली तेव्हा गाद्यांवर काळी बुरशी, आणि लाइफ जॅकेटांना असा कुबट वास की बायकोने ती अंगणातच ठेवायला लावली! हवेला फट ठेवा. ड्रेन प्लगही, म्हणजे साचलेलं पाणी काढायचं बोटीचं बूच, काढून ठेवा. आणि तो ठेवलाय कुठे, हे स्टिअरिंगला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा.