नवीन पिल्लू रात्रभर खाजवतंय, कानाच्या कडेला खपल्या आल्यात, काय करू?

मृणाल_सातारा:
नमस्कार, पहिल्यांदाच कुत्रं पाळतोय त्यामुळे काही चुकत असेल तर सरळ सांगा, राग नाही येणार. तीन आठवड्यांपूर्वी हायवेला एका चहाच्या टपरीमागे पिल्लू सापडलं, सापडलं म्हणजे माझ्या मुलाने उचललं आणि मग खाली ठेवेचना. टपरीवाले दादा म्हणाले दीडेक महिन्याचं असेल, म्हणजे आता दोन-सव्वादोन महिन्यांचा झाला. गावठीच आहे, गुळाच्या ढेपेसारखा रंग म्हणून नाव गुळ्या. जंताचं औषध दिलंय, पहिली लस झालीये.

आता प्रॉब्लेम असा की पहिले आठ-दहा दिवस ठीक होता, मग खाजवायला लागला. आधी वाटलं पावसाने ओला होतोय म्हणून असेल. पण आता रात्रभर चालू, आम्ही झोपलो की टकटक टकटक पायाचा फरशीवर आवाज, मुलगा उठतो, मी उठते, आमच्या आई (सासूबाई) उठतात. कानाच्या कडेला पांढुरक्या खपल्या धरल्यात, कोपरावरचे केस गेलेत, पोटावर लाल पुरळ आहे. चावून चावून मागच्या पायावर जखम करून घेतलीये. खाणं मात्र जोरात.

आतापर्यंत केलेलं सांगते. आठवड्यातून दोनदा आमच्याच साबणाने अंघोळ, आईंनी करंजाच्या तेलात हळद घालून लावली (पिवळा झालाय सगळा, सोफा पण), मेडिकलमधून एक खाजेची ट्यूब आणली माणसांची, ती दोन दिवस लावली तेव्हा जरा कमी वाटलं मग परत तेच. शेजारचे काका म्हणतायत गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून चोळा, दोन वेळात साफ होईल, गावाकडे तेच करतात म्हणे. ते लावू का?

भटक्या_निलेश:
जळकं ऑइल अजिबात नको!!! बाकी काय करायचं ते जाणकार सांगतील पण हे नको. चाटतो तो अंगाला लावलेलं सगळं, ते विष पोटात जातं आणि कातडी भाजते ते वेगळंच. आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याला कोणीतरी चोपडलं होतं, नंतर तीन दिवस उलट्या. रॉकेल, फिनेल, डेटॉल हे पण नको, आणि गाई-म्हशींच्या गोचिडांवर गोठ्यात फवारतात ते तर मुळीच नको, एवढंसं पिल्लू आहे ते.

श्रीकांत_के:
उष्णता झालीये. चिकन देत असाल तर बंद करा, ताक-भात आणि सब्जा द्या. आठ दिवसांत फरक.

मृणाल_सातारा:
@श्रीकांत चिकन देतच नाही हो, दूध-पोळी, अंडं आणि पिल्लांचं पॅकेटमधलं खाणं भिजवून. जळकं ऑइल कॅन्सल.

कोकणी_काकू:
उष्णताबिष्णता काही नसते हो कुत्र्याला. तीन कुत्री आणि दोन मांजरं आहेत माझ्याकडे, सगळी रस्त्यावरून आलेली, त्या अनुभवावर सांगते. आधी पिसवा बघ. पांढरा टिश्यू किंवा कागद ओला कर, त्यावर गुळ्याला उभा कर आणि बारीक कंगव्याने शेपटीच्या बुडाशी आणि पाठीवर विंचर. काळे कण पडले आणि त्याच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच ते. नुसती माती असेल तर डाग तांबूस होत नाही. पिसवा निघाल्या तर नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, अंडी आणि अळ्या अंगावर कमी आणि गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात जास्त असतात, त्यामुळे रोज झाडणं, अंथरूण गरम पाण्यात धुणं आलंच.

आणि कानाच्या आत, बोटांच्या मध्ये गोचीड आहेत का तेही बघ. असतील तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, पेटवायची तर नाहीच. हिरड्या पांढरट दिसल्या किंवा ताप वाटला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना, गोचिडाचा ताप पिल्लांना लवकर आडवं करतो.

घरात मांजर आहे का गं? कुत्र्याच्या पिसवांची काही औषधं मांजराला जिवावर बेततात, परमेथ्रिन लिहिलेलं असेल ते तर मांजराच्या आसपास पण नको. सहज विचारलं.

मृणाल_सातारा:
मांजर नाही. केलं काकू, कागद केला. काळं काहीच नाही पडलं, पिवळं पडलं (हळद). गोचीड तीन सापडल्या, दोन कानात एक मानेला, काढल्या. हिरड्या गुलाबी आहेत. पण तीन गोचिडांनी एवढी खाज येते का? आणि कोपराला तर एक पण नव्हती तिथेच सगळ्यात जास्त.

रोहन_पुणे:
आमच्या लॅब्रडॉरला असंच झालं होतं, डॉक्टरांनी दर आठवड्याला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं, चारमध्ये क्लिअर. तुम्ही पण तेच घ्या, मेडिकलला मिळतं.

निवृत्त_पशुसेवक:
रोहनराव, थांबा जरा. लॅब केवढा होता आणि हे पिल्लू केवढं. ते औषध एवढ्या लहान पिल्लाला नुसत्या अंदाजाने द्यायचं नसतं, आणि कोली, शेल्टी असल्या जातींत तर एक जनुकीय दोष असतो त्यामुळे ते मेंदूत शिरतं आणि कुत्रं जाऊ शकतं. मेडिकलवरून आणून घरी टोचायचं काम नाही हे. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी झाली, त्यामुळे डोस मी इथे कुणालाच सांगणार नाही, फक्त काय बघायचं ते सांगतो.

मृणालताई, तुम्ही लिहिलंय त्यात मला तीन गोष्टी खटकल्या. कानाची कड, कोपर आणि पोट. पिसवांची खाज जास्त करून शेपटीच्या बुडाशी असते, तुमचा कागदही कोरा निघालाय. गजकर्णाचे गोल गोल चट्टे पडतात आणि त्याला खाज तशी कमी असते. ॲलर्जी साधारण सहा महिन्यांच्या पुढे सुरू होते, दोन महिन्यांच्या पिल्लात तो विचार शेवटी करायचा. राहिली लूत.

आता आपल्याकडे केस गेलेल्या कुठल्याही कुत्र्याला लूत भरली म्हणतात, पण त्यात मुख्य दोन प्रकार वेगळे आहेत आणि दोन्हीचा कारभार उलटा आहे. एकात कोळ्याच्या कुळातले बारीक जीव केसांच्या मुळाशी राहतात, ते पिल्लाला जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगावरून येतात, डोळ्याभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायावर केस जातात पण खाज फारशी नसते. एखाद-दुसरा चट्टा असेल तर बऱ्याचदा पिल्लू मोठं होईल तसा आपोआप जातो, माणसाला लागत नाही. त्याला डेमोडेक्स म्हणतात. दुसरा सार्कोप्टिस, म्हणजे आपली खरूज. त्याची मादी कातडीत बोगदा करून आत अंडी घालते, अंड्यापासून मोठा किडा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. त्याची खाज म्हणजे भयंकर, जेवता जेवता थांबून खाजवतं कुत्रं. आणि तो बरोबर तिथेच बसतो जिथे केस विरळ, कानाची कड, कोपर, मागच्या पायाचा ढोपा, पोट.

घरी एक करून बघा. गुळ्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर संशय पक्का धरा. हे शंभर टक्के नाही पण आम्ही फिल्डवर हे पहिलं बघायचो.

आता मुख्य प्रश्न. घरात अजून कोणाला खाज आहे का? पिल्लू कोण मांडीवर घेतं जास्त? आणि ते टपरीमागचं, त्याची आई कशी दिसत होती?

मृणाल_सातारा:
काका अंगावर काटा आला वाचून. कान चोळला, पाय हलला, चार वेळा केलं चारही वेळा हलला, मुलाला तो खेळच वाटला.

आईंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक लाल पुटकुळ्या आहेत गेले दहा दिवस, आम्ही म्हणत होतो धुण्याची पावडर बदलली त्याने असेल. संध्याकाळी सिरियल बघताना गुळ्या त्यांच्याच मांडीवर असतो. मुलाच्या पोटावर पण आहेत, तो टी-शर्टच्या आत घेऊन फिरतो त्याला. मी आणि नवरा क्लिअर, आम्ही दोघं फक्त ओरडायला असतो.

आणि त्याची आई, तिच्या कानाला केसच नव्हते. मी तेव्हा म्हटलं म्हातारी असेल.

कोकणी_काकू:
बाप रे. म्हणजे पावडर निर्दोष सुटली.

निवृत्त_पशुसेवक:
घाबरू नका. कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगावर कायमची वस्ती करत नाही, तिला तिथे पिढी वाढवता येत नाही, पिल्लू बरं झालं की घरच्यांची काही आठवड्यांत ओसरते. पण जास्त असेल तर आईंना त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरात कुत्र्याला झालंय हे सांगा, नाहीतर ते बिचारे साबण बदलायला सांगत बसतील.

ती ट्यूब आधी बंद करा. ट्यूब लावली तेव्हा खाज कमी झाली म्हणता म्हणजे त्यात बहुतेक स्टिरॉइड असणार, आपल्याकडे खाजेच्या बऱ्याच ट्यूबमध्ये असतं. खाज दबते, कातडीची ताकद कमी होते आणि किडा आरामात राहतो, शिवाय पिल्लू चाटतं. तेल-हळद पण दोन-तीन दिवस थांबवा, डॉक्टरांना कातडी खरवडून काचपट्टीवर बघायची असते. करंजाच्या तेलाला मी नावं ठेवत नाही, पण कातडीच्या आत बसलेल्याला ते पोचत नाही. माणसांचा साबणही नको, आपली कातडी जरा आम्लधर्मी, कुत्र्याची तशी नसते, आठवड्यातून दोनदा म्हणजे कोरडी ठणठणीत होणार.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे मायक्रोस्कोपची सोय नसेल तर तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तासाभराचा रस्ता. मुंबईकडचे कोणी वाचत असाल तर परळचं कॉलेज, ते तर १८८६ पासूनचं आहे. आणि हो, स्क्रेपिंगमध्ये किडा दिसला नाही तर ‘नाही’ समजू नका. खरजेचे किडे संख्येने थोडे आणि खोल असतात, पुष्कळदा सापडतच नाहीत, चांगले डॉक्टर लक्षणं बघून उपचार सुरू करतात.

भटक्या_निलेश:
काका तुम्ही पुस्तक लिहा राव.

मृणाल_सातारा:
चार दिवसांनी अपडेट देतीये, धावपळ झाली. दवाखान्यात नेला. वजन ३.२ किलो. डॉक्टरांनी तीन जागी ब्लेडने खरवडलं, गुळ्याने सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. आणि काका तुम्ही म्हणालात तसंच, मायक्रोस्कोपमध्ये काहीच नाही दिसलं! मी तिथे निवांत झाले तर डॉक्टर म्हणतात तुमच्या सासूबाईंचे हात बघू. बघितले आणि म्हणाले हाच आमचा रिपोर्ट.

एक चघळायची गोळी दिली, त्याच्या वजनाची, आठ आठवड्यांच्या पुढच्या पिल्लांना चालते म्हणाले, महिन्याने परत. गोचीड-पिसवा पण त्यातच जातील म्हणे. पोटावरचं पुरळ म्हणजे खाजवून जंतू शिरलेत, त्यासाठी क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, फेस करून दहा मिनिटं तसाच ठेवायचा मग धुवायचा. दहा मिनिटं ओलं पिल्लू धरून ठेवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी शेवटी मोबाईलवर टायमर लावून बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसते. धुतल्यावर पूर्ण कोरडा करायचा, या पावसात तीन टॉवेल लागतात.

गुळ्याचं पोतं टाकून दिलं, चादरी उकळत्या पाण्यात, सोफ्याचे कव्हर पण. खाज लगेच जाणार नाही, दोन-तीन आठवडे धीर धरा म्हणालेत, किडे मेले तरी कातडी चिडलेली राहते. मांडीवर बसायला तूर्त बंदी. आई चोरून घेतात.

पल्लवी_नाशिक:
खर्च किती आला? आमच्याकडे पण असंच एक आहे.

मृणाल_सातारा:
केसपेपर, गोळी, शाम्पू धरून बाराशेच्या आत. त्याआधी मी ट्यूब, पावडर, कसलं कसलं आयुर्वेदिक तेल यात त्यापेक्षा जास्त घातले होते ते सोडा. आणि पल्लवी, तुम्ही पण हीच गोळी नका आणू प्लीज, वजनावर असते.

मृणाल_सातारा:
तीन आठवडे झाले. रात्री झोपतोय!! आधीच्या शनिवारी पहिल्यांदा सगळे सकाळपर्यंत झोपलो आणि मी दचकून उठले की आवाज का नाही. कानाच्या खपल्या गेल्या, खाली मऊ गुलाबी कातडी आणि त्यावर मखमलीसारखी लव आलीये. कोपर अजून टकलाच आहे. आईंचे हात साफ, त्यांना लोशन पण नाही लागलं. मुलाचं पण गेलं. पुढच्या गोळीचं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर.

आता दुसरंच. काल टपरीवर गेले होते, त्याची आई तिथेच आहे, आता पाठ पण गेलीये आणि अजून एक पिल्लू तिच्याजवळ आहे, तेही खाजवतंय. डॉक्टरांना विचारलं, ते गोळी द्यायला तयार आहेत अंदाजे वजन धरून, पिल्लाला पण. टपरीवाले दादा म्हणाले मी देतो रोज येते ती माझ्याकडे. पण ती कोणाला हात लावू देत नाही, आणि बिस्किटात लपवून टाकून बघितलं तर बिस्किट खाल्लं, साधी कॅल्शियमची गोळी होती ट्रायलला, ती बाजूला काढून ठेवली.

कोकणी_काकू:
बिस्किटात नाही जायची, ती कोरडी असतात. उकडलेल्या कलेजीचा तुकडा घे, चीर पाडून गोळी आत सारायची. आधी दोन तुकडे बिनगोळीचे टाकायचे, तिसरा गोळीचा आणि चौथा लगेच हातात दाखवायचा, म्हणजे चौथ्याच्या नादात तिसरा न चावता गिळते. आणि पिल्लाला दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी लांब नेऊन खाऊ घाला, नाहीतर दोघांच्या गोळ्या एकीच्याच पोटात जातील.

मृणाल_सातारा:
कलेजी. बरं. आमच्या घरात शाकाहारी आहेत सगळे, टपरीवाले दादांनाच उकडायला सांगते चहाच्या पातेल्यात नको म्हणून.