पाठ असलेलं प्रमेय पेपरात आठवत नाही, काय करावं?

धनकवडीकर: मुलगी दहावीला, एसएससी बोर्ड. अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही. पण पूर्वपरीक्षेत भूमितीला पक्ष लिहिला, साध्य लिहिलं आणि पुढे पान कोरं. हात गार पडले म्हणाली. शेजारचीने पुरवणी मागितली तेव्हा पोटात गोळाच आला. घरी येऊन तेच प्रमेय ओट्याशी उभं राहून घडाघडा म्हणून दाखवलं! अप्पा बळवंत चौकातून आणखी दोन प्रश्नसंच आणले, तर ते बघूनच रडू. त्यात क्लासवाले दर रविवारी ग्रुपवर गुणांची यादी टाकतात आणि हे ऑफिसातून आल्या आल्या ‘किती झालं?’ विचारतात. बोर्ड तोंडावर आलंय.

निवृत्त_बाई: आधी ते प्रश्नसंच माळ्यावर टाका. म्हणून दाखवणं वेगळं, घड्याळ लावून लिहिणं वेगळं. सकाळी ११ ते १ टेबलाशी बसवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवात पहिल्याच प्रश्नापासून. ४० पैकी ८ गुण तिथे, सगळे एकेका गुणाचे. हात चालू लागला की निम्मी भीती जाते. प्रमेय अडलं तर जागा सोडायची आणि पुढे जायचं. २०२३ पासून जादा १० मिनिटं शेवटी मिळतात, ती त्यासाठीच. आणि हो, गणिताचे २० गुण शाळेकडे असतात. घाबरलेल्या पोरांना हे आठवतच नाही.

अकरावीवाला: काकू, माझंही सेम. श्वास घेण्यापेक्षा हळूहळू सोडण्यावर लक्ष दिलं की थरथर कमी व्हायची. आदल्या दिवशी केंद्र बघून या, बसायची खोली कुठल्या मजल्यावर तेसुद्धा. पेपर सुटल्यावर गेटवर उत्तरं जुळवणाऱ्यांत थांबायचं नाही, मी सरळ पीएमटी पकडायचो. आणि त्या यादीचा आमच्या वर्गात पहिल्या तिघांनाच उपयोग होता.

कात्रजचा_बाबा: जेवण, झोप उडाली असेल तर बोर्ड संपायची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि भाऊंना हा धागा वाचायला द्या.

धनकवडीकर: बाई, आज ११ ला बसवलं. प्रमेय सोडून पुढे गेली, दीडदोन पानं लिहून परत आली त्याच्याकडे. क्लासचा ग्रुप तिच्या मोबाइलवरून काढलाय. ह्यांना धागा पाठवलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.