साहसकथा पोरांसोबत बसून वाचायच्या की नाही? (वैतागून लिहितोय)

तापीकाठ, शिरपूर
काल सडेतोड_जळगाव यांनी लिहिलं की आईबाप पोरांना साहसकथा वाचून दाखवतात ते पोरांसाठी नाही, स्वतःचं बालपण उकरायला, पोराला पुस्तक निवडू द्या आणि खोलीबाहेर व्हा. डोकंच फिरलं वाचून. खोलीबाहेर? मे महिन्यात ४५ डिग्रीत आमच्याकडे खोलीत बसतं कोण? सगळं घर गच्चीवर, गाद्या टाकलेल्या, टॉर्च धरायला पोरांची भांडणं. फुरसुंगीचा बन्या, आपला फास्टर फेणे, सायकल दामटत निघाला की आजी मध्येच, "यानी मायले काय काळजी नही का?" आणि धाकटा दर पानाला ट्टॉक्! हे एकट्याने वाचून होतं का साहेब?

सडेतोड_जळगाव
तुम्हाला मजा येते हे तुम्हीच लिहिलंत, माझा मुद्दा तोच आहे. आमचे वडील मास्तर. रोज वाचून दाखवायचे आणि प्रकरण संपलं की "काय शिकलास?" चोर पकडला गेला यात मी काय शिकणार? पुस्तक दिसलं की पोटात गोळा यायचा. माझा पोरगा जपानी मांगा कॉमिक्स वाचतो, मला एक अक्षर कळत नाही, पण मी विचारत पण नाही. वाचतोय ना.

अंजनी_एरंडोल
तुमचं चालू द्या, आधी पुस्तकं तर मिळू द्या. आमच्या गावच्या वाचनालयात मुलांचं कपाट कुलपात. किल्लीवाले भाऊ जेवायला गेलेत. कधीही जा, जेवायलाच गेलेले असतात.

केळीवाला_रावेर
आणि मिळाली तरी साहसं पुण्यामुंबईच्याच पोरांना होतात!! सातपुडा आमच्या उशाशी, तोरणमाळ आहे, पाटणादेवीचं जंगल आहे, पण पुस्तकात खानदेश शोधून दाखवा.

भुसावळ_जंक्शन
आहे ना. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा, १८७३ ची. पैज लावून निघालेला फॉगसाहेब मुंबईहून आपल्याच रेल्वे लाइनने जातो, खानदेश नावानिशी येतो, मग मालेगाव. बुऱ्हाणपूरला साडेबाराला गाडी थांबते आणि त्याचा नोकर खोटे मोती लावलेल्या चपला घेतो. नातवाला वाचून दाखवताना मी खुर्चीतून उठलोच.

केळीवाला_रावेर
काका हे पूर्ण सांगा. त्याच पानावर इंजिनाचा धूर कशावर जातो? कापूस ठीक, पण कॉफी, जायफळ, लवंग, मिरी?? आणि खानदेशातल्या बहुतेक नद्या म्हणे गोदावरीला मिळतात! गिरणा, पांझरा, वाघूर, अनेर सगळ्या तापीच्या. माणूस भारतात कधी आलाच नाही आणि आमच्या नद्या पळवल्या.

अंजनी_एरंडोल
आठे लवंग कोठे पिकस भो 😂 केळी राहिल्या, त्या नाही दिसल्या त्याला.

भुसावळ_जंक्शन
दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या माणसाने पुस्तकं वाचून लिहिलं, चुका होणारच. निदान आपल्या बाजूची रेल्वे तरी बरोबर आहे.

केळीवाला_रावेर
तुम्हाला रेल्वे बरोबर असली की सगळं माफ. पेन्शन तिचीच ना.

भुसावळ_जंक्शन
पेन्शनवर यायचं काम नाही. ३ नंबर फलाटावर उभ्या आयुष्याच्या रात्री काढल्यात, शब्द जपून वापरा.

तापीकाठ, शिरपूर
भांडू नका हो. उलट हेच तर मी म्हणतोय. पोरगं एकटं वाचत असतं तर लवंगा, जायफळ सगळं खरं धरून पुढे गेलं असतं. शेजारी शेतकरी बाप बसला असेल तर लगेच कळतं की हा गडी थापा मारतोय, आणि त्या थापांवर तासभर हसता येतं.

सडेतोड_जळगाव
आणि फॉग राहिला डब्यात बसून! लोक पैजेचं काय झालं म्हणून वाचतात, तुम्ही तापी खोऱ्याचा तास घेताय. "काय शिकलास"चीच सुधारित आवृत्ती.

अंजनी_एरंडोल
दादा, तास मास्तरांनी घेतला तुमचा, त्याचा राग आमच्या गच्चीवर कशाला? आजी तात्पर्य विचारते का? ती तर बन्याच्या आईला शिव्या घालते.

सडेतोड_जळगाव
बरं. आजी चालेल. बापाने टॉर्च धरायची आणि गप्प बसायचं, एवढं मान्य असेल तर वाचा खुशाल.

तापीकाठ, शिरपूर
मेहेरबानी झाली. टॉर्च तरी कुठे देतात धरायला.

केळीवाला_रावेर
ते राहू द्या, काका, बुऱ्हाणपूर तुम्ही खानदेशात धरता की मध्य प्रदेशात? फारुकी सुलतानांची राजधानी होती ती.

भुसावळ_जंक्शन
रेल्वेच्या भुसावळ मंडळात धरतो. नवीन धागा काढा.