मदत हवी आहे: कॉस्टिक लायचा टँकर गेटवर गोठलाय, खाली कसा करू?

बद्दीकर, रात्री ११.१०

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी मूळचा सांगलीचा. गेल्या जूनपासून हिमाचलात बद्दीला एका कारखान्यात स्टोअर बघतो. त्याआधी बारा वर्षं तळकोकणातल्या एमआयडीसीत काढली, तिथे लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं द्रावण, गोठते हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. इथे पहाटेचा पारा सध्या ३-४ अंशांवर आहे.

आज संध्याकाळी गुजरातेतून ४८% कॉस्टिक लायचा टँकर आला. २० टन माल, साधा लोखंडी टँकर, इन्सुलेशन नाही. हरियाणात धुक्यामुळे गाडी दोन रात्री ढाब्यावर उभी होती. मॅनहोल उघडून पाहिलं तर वर पातळ लाय, खाली काठी घातली की जाड साखरेच्या पाकात रुतल्यासारखी रुतते. वरचं तापमान ८ अंश. खालच्या व्हॉल्वमधून एक थेंब येत नाही.

ड्रायव्हर म्हणतो उद्या दुपारपर्यंत गाडी खाली झाली नाही तर थांबल्याचे पैसे लागतील. आमचा फिटर ब्लो लॅम्प घेऊन तयार आहे, त्याला मी कसाबसा थांबवून ठेवलाय. दुसरा एक म्हणतो मॅनहोलमधून स्टीमचा होज सोडा, दहा मिनिटांत सुटेल. मला दोन्ही पटत नाही, पण नेमकं का ते सांगता येत नाहीये.

आमची साठवण टाकी २५ हजार लिटरची. टाकीपर्यंत ४० मीटर उघडी लाइन आहे. ती अजून वाहतेय, पण पुढचा नंबर तिचाच.

आणखी एक. याच गोडाऊनमध्ये ग्लेशियल अॅसिटिक अॅसिडचे ड्रम आहेत, तेही दगड झालेत. आणि पुढच्या महिन्यापासून अॅक्रिलिक अॅसिड येणार आहे म्हणे. हे तिन्ही एकाच पद्धतीने वितळवायचे का?

पोपटी चष्मा, रात्री ११.२२

पाणी घाला की थोडं वरून. पातळ केलं की गोठणबिंदू खाली जातो, मिठाच्या पाण्यासारखं. शाळेत शिकलोय.

लायवाले काका, रात्री ११.४८

चष्मेवाले, तुम्ही बहुतेक झोपायला गेला असाल, पण हा सल्ला कुणी ऐकायच्या आत लिहितो. मी एकतीस वर्षं क्लोर-अल्कली प्लांटवर, म्हणजे जिथे ही लाय बनते तिथे, काढली.

कॉस्टिकची गंमत अशी की ती मिठासारखी सरळ रेषेत वागत नाही. ५०% लाय साधारण १२ अंशांना स्फटिक धरते. ४५ टक्क्यांच्या आसपास ते ५ अंशांवर येतं. म्हणून वाटतं, अजून पातळ केलं की अजून बरं. पण ४०% करा, ती पुन्हा १५ अंशांना गोठते! म्हणजे तुम्ही पाणी घालून ती जास्त लवकर गोठवाल. त्याच्याही खाली, ३० टक्क्यांच्या आसपास, शून्याच्या जरा वर येतं आणि २० टक्क्यांना उणे पंचविसाच्या घरात. मधला हा उंचवटा ज्याला माहीत नाही तो दर हिवाळ्यात फसतो.

शिवाय पाणी हलकं, ते लायच्या वर थर धरून बसतं. नंतर कुणी ढवळलं किंवा पंप फिरवला की सगळी उष्णता एकदम बाहेर येते आणि मॅनहोलमधून उसळतं. पातळ करायचंच असेल तर पाण्यात लाय, हळूहळू, ढवळत. टँकरमध्ये कधीच नाही.

बद्दीकर, फिटरला थांबवलंत ते उत्तम केलंत. आता मुद्द्यावर येतो.

ब्लो लॅम्प का नको? लाय पेट घेत नाही, म्हणून लोकांना वाटतं ज्योत चालेल. पण व्हॉल्वमध्ये दोन्ही बाजूंना स्फटिकाची गुठळी असते. मधलं वितळून फुगलं आणि वाट नसेल तर ग्लँड किंवा गॅस्केट सुटतं, आणि ते समोरच्याच्या तोंडावर. दुसरं, साधं लोखंड ५०-६० अंशांच्या वर लायसोबत तापलं की वेल्डपाशी ताण असेल तिथे तडे जातात. आज दिसणार नाहीत, सहा महिन्यांनी दिसतील. स्टीम थेट आत सोडण्यात हीच भानगड, वर ठोके बसतात आणि लाय उडते.

असं करा.

मॅनहोल बंद करून ठेवू नका, झाकण सैल करून वर टेकवा, हवेला वाट हवी. खालचा व्हॉल्व बंद आहे याची खात्री करा. गोठलेल्या व्हॉल्वचा दांडा अर्धवट फिरलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं बंद आहे. खाली होज जोडा, त्याचं दुसरं टोक तुमच्या लाइनला. हे सगळं वितळवायच्या आधी. लोक उघड्या व्हॉल्वखाली बादली ठेवून बसतात. गुठळी सुटली की बादली काय करणार? आणि ती बादली पत्र्याची असेल तर त्यावरच्या जस्ताशी लायची गाठ पडून हायड्रोजन निघतो, ते वेगळंच.

मग व्हॉल्वभोवती गोणपाट गुंडाळून त्यावर ४०-४५ अंशांचं पाणी सोडत राहा. बाहेरून, बरं का. टँकरच्या पोटाखाली ताडपत्री लावून जमिनीपर्यंत झाकून घ्या आणि आत गरम हवेचा ब्लोअर सोडा. उघडी शेगडी नको, शेजारी अॅसिटिक आहे असं तुम्हीच लिहिलंय. वेळ लागेल. आठ तास धरून चाला, बारा लागले तर चिडू नका.

आणि हो, लॅबवाल्यांना सांगा की वरून नमुना घेऊन माल परत पाठवू नका. ४८ टक्क्यांची लाय गोठताना जास्त कॉस्टिक असलेले स्फटिक तळाशी बसतात, वर उरते ती कमजोर. वरचा नमुना कमीच दाखवणार. पूर्ण वितळून, फिरवून घ्या, मग नमुना.

रसायनी मुलगी, रात्री १२.०५

काकांना +१. एक भर घालते, कारण मी सेफ्टीत आहे आणि दर हिवाळ्यात हेच बघते.

थंडीत माणसं एप्रनच्या आत स्वेटर, मफलर घालतात. लाय लोकर खाते. अक्षरशः विरघळवते, आणि ओली लोकर अंगाला चिकटून राहिली तरी सुरुवातीला नुसतं बुळबुळीत लागतं, चटका कळतच नाही. आत सुती किंवा सिंथेटिक, वर पीव्हीसीचा सूट, फेस शील्डच्या आत गॉगल. पँट गमबुटाच्या बाहेर, आत खोचलेली नको, नाहीतर बूट लायने भरतो.

आणि गाडीला हात लावायच्या आधी आयवॉश आणि सेफ्टी शॉवर चालू करून बघा. तुमच्याकडे ३ अंश म्हणता, तर बाहेरच्या लाइनमध्ये पाणी आलं तरी इतकं गार असेल की माणूस दोन मिनिटांत बाहेर पळेल. डोळ्यात लाय गेली तर किमान १५-२० मिनिटं धुवायला हवं. म्हणून कोमट पाण्याची सोय हवी. आज रात्री काही नाही तर एक ड्रम कोमट पाणी आणि ते ओतायला मोठा मग तरी जवळ ठेवा.

बद्दीकर, रात्री १२.३१

काका, ताई, मनापासून आभार. व्हॉल्वचा दांडा खरंच पाऊण फिरलेला निघाला! आत्ताच बंद केला. शॉवर उघडला तर थुंकी आल्यासारखं दोन थेंब. त्याचं काम सकाळी प्लंबर आल्यावर, तोवर ताईंचा ड्रम. रात्री कुणालाही गाडीवर चढवत नाहीये, सकाळी सहाला सुरू करू. ड्रायव्हरला चहा आणि रजई दिली, तोही निवळलाय.

कुरकुंभी, सकाळी ७.१५

अॅसिटिकबद्दल सांगतो, आमच्याकडे रोजचंच आहे. आमच्या पट्ट्यातही डिसेंबरात पहाटे ड्रम अर्धे दगड होतात, त्यासाठी हिमाचलात जायला नको. ते १६.६ अंशांनाच गोठतं. नाव ग्लेशियल उगाच नाही पडलं, स्फटिक बर्फासारखे दिसतात म्हणून.

पाण्याच्या उलट, हे गोठताना आकसतं आणि वितळताना फुगतं. ड्रम गच्च भरलेला असेल तर वितळताना झाकण फुगतं, म्हणून आधी बूच अर्धा आटा सैल करायचं. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते तो) ३९-४० अंशांचा, त्यामुळे ज्योत, हीटरची उघडी तार, हॅलोजन, काही नको. २५-३० अंशांच्या खोलीत एक दिवस ठेवायचं आणि पूर्ण वितळल्याशिवाय ओतायचं नाही. आमच्याकडे एकाने ड्रम उन्हात आडवा ठेवला होता, त्याची कथा सांगत नाही, सकाळची वेळ आहे.

लायच्या शेजारी अॅसिड ठेवलंय का? वेगळ्या डाइकमध्ये (गळती अडवणाऱ्या बांधाच्या आत) हलवा.

एडमंटनकर, सकाळी ८.४०

इथे कॅनडात रात्र आहे, उणे २७. लाय रेल्वेच्या वॅगनमधून येते. तिला बाहेरून इन्सुलेशन आणि त्याच्या आत कवचावर कॉइल असते. गरम भरून पाठवतात, तरी चार-सहा दिवसांनी कडेला साय धरतेच.

आमच्या दोन सवयी तुमच्या उपयोगाच्या. कॉइलमध्ये काही सोडण्यापूर्वी तिचं बाहेरचं टोक उघडून बघतो, लाय गळत असेल तर कॉइल फुटलेली आहे, ती वापरायची नाही. आणि काम झालं की कॉइलमधलं पाणी हवेने फुंकून काढतो, नाहीतर तेच पाणी रात्री गोठून कॉइल फोडतं. तुमच्या ४० मीटर लाइनलाही तेच लागू. माल उतरवला की लाइन हवेने झाडून घ्या, टाकीकडे उतार द्या, खोलगट जागी ड्रेन ठेवा. रिकाम्या लाइनमध्ये गोठायला काही उरत नाही. भरलेली ठेवायचीच असेल तर विजेचं ट्रेसिंग (पाइपवरची तापणारी तार) आणि वर लॅगिंग (इन्सुलेशनचं आवरण), पण तापमान राखणारं, वाटेल तितकं तापणारं नको.

लाइन गोठलीच तर मधूनच गरम करू नका. ज्या टोकाला वाट मोकळी आहे तिथून सुरू करून आत सरकायचं.

लायवाले काका, सकाळी ९.०२

एडमंटनकरांचं बरोबर. मी एक हिशोब मांडतो, कारण पुढचा प्रश्न हाच येणार: पातळ करून साठवू का? २० टन ४८% म्हणजे ९.६ टन शुद्ध कॉस्टिक. ती २० टक्क्यांवर आणायची तर एकूण ४८ टन द्रावण होतं, साधारण ३९ हजार लिटर. तुमची टाकी २५ हजारांची. बसत नाही. ३० टक्क्यांवर आणली तर कशीबशी २४ हजारांत बसेल, पण ती शून्याच्या वरच गोठते आणि टाकीत वर जागाही उरत नाही. त्यापेक्षा टाकीला इन्सुलेशन करून आत गरम पाण्याची कॉइल घाला आणि लाय २०-२५ अंशांवर ठेवा. स्टीम असेल तर पाणी तापवायला वापरा, थेट कॉइलमध्ये नको.

हिवाळ्यापुरता पुरवठादाराला दोन गोष्टी कळवा: गाडी इन्सुलेटेड हवी आणि माल गरम भरलेला हवा. ऑर्डरवरच लिहा. फोनवर बोललेलं जानेवारीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

रसायनी मुलगी, सकाळी १०.२०

आणि अॅक्रिलिक अॅसिडचं कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते. बद्दीकर, हे तिसरं त्या दोघांसारखं अजिबात नाही. कृपा करून त्याला लायच्या रांगेत बसवू नका.

ते १३-१४ अंशांना गोठतं. गोठणं हा त्याचा खरा धोका नाही, वितळवणं हा आहे. ते आपोआप पॉलिमर होऊ नये, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनू नयेत, म्हणून त्यात एमईएचक्यू नावाचा इनहिबिटर घातलेला असतो, साधारण २०० पीपीएम. गोठताना स्फटिक शुद्ध बनतात, इनहिबिटर द्रवात ढकलला जातो. म्हणजे अर्धवट वितळलेल्या ड्रममध्ये एका ठिकाणी भरपूर इनहिबिटर, दुसऱ्या ठिकाणी जवळपास शून्य. वरचं पातळ तेवढं काढून घेतलंत तर उरलेलं अॅसिड इनहिबिटरशिवाय राहतं आणि त्यालाच तुम्ही पुढे गरम करता. पॉलिमर व्हायला लागलं की ते स्वतःच तापतं, जितकं तापेल तितकं जोरात. २०१२ साली जपानमध्ये हिमेजीला अॅक्रिलिक अॅसिडची टाकी अशीच आतून तापत जाऊन फुटली, एक अग्निशमन जवान गेला. तिथे कारण थंडी नव्हतं, पण हा पदार्थ चिडला की काय करतो ते कळतं.

म्हणून: साठवण १५ ते २५ अंशांत. गोठलं तर गरम पाणी किंवा गरम खोली ३५ अंशांच्या वर नाही, स्टीम नाही, ड्रमला लावायचा विजेचा पट्टा तर बिलकुल नाही. पूर्ण वितळून, घोळवून एकजीव झाल्याशिवाय एक लिटरही काढायचं नाही. आणि नायट्रोजनचं ब्लँकेट (आतली हवा काढून वर नायट्रोजन भरणं) देऊ नका. बऱ्याच ठिकाणी सवयीने देतात, पण हा इनहिबिटर काम करायला विरघळलेला ऑक्सिजन मागतो.

तुमच्याकडे तापमान राखलेली खोली नसेल तर फेब्रुवारीतला पहिला लॉट पुढे ढकला. मी असते तर ढकललाच असता.

बद्दीकर, संध्याकाळी ६.५५

अपडेट. सकाळी सहाला गोणपाट आणि कोमट पाणी सुरू केलं, ताडपत्रीचा तंबू बांधला. नऊ वाजता व्हॉल्व फिरला, पण माल येईना. साडेअकराला होजमध्ये गुरगुर ऐकू आली. पंप हळू चालवून अडीचपर्यंत टाकीत बरंचसं गेलं. तळाशी दोनेकशे किलोची खीर उरली, ती साडेचारला सुटली. लाइन हवेने झाडून घेतली. नमुना काकांनी सांगितला तसा घेतला, ४७.९% आला. त्याआधी लॅबने परस्पर वरून घेतलेला ४६.२% होता, रिजेक्टचा कागद तयारच होता, तो फाडला.

थांबल्याचे पैसे द्यावे लागले. साहेबांनी विचारलं इतका वेळ का लागला, त्यांना धाग्याची लिंक पाठवली आहे. पुरवठादाराला मेल गेलाय. अॅसिटिकचे ड्रम उद्या वेगळ्या डाइकमध्ये जातील. शॉवरचा पाइप गोठला नव्हता, कुणीतरी मागचा व्हॉल्वच बंद करून ठेवला होता!

ताई, अॅक्रिलिकच्या खोलीसाठी अलार्म किती अंशांवर लावू, वर आणि खाली दोन्ही?

पोपटी चष्मा, रात्री ८.१०

माझा पाण्याचा सल्ला मागे घेतो. वाचनखूण साठवली.

रसायनी मुलगी, रात्री ९.३०

खाली १६, वर २८. आणि अलार्म सिक्युरिटीच्या केबिनमध्येही वाजला पाहिजे, रात्री तुमच्या ऑफिसात कोण बसलेलं असतं?