परदेशात बाळगुटी: डब्यातलं वेखंड ठेवायचं की काढायचं?

सहाण:
अमेरिकेत बाळंतपणासाठी जाणाऱ्या आज्यांच्या सामानात गुटीचा डबा असतोच: वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, हळकुंड, जायफळ, अतिविष, खारीक, बदाम. त्यातलं वेखंड काढून टाकावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हे घातक मानलं जाणारं रसायन भरपूर असतं. जम्मूच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली.

मुरुडशेंग:
उंदरांना वेखंडातून काढलेलं तेल रोजच्या खाण्यातून, दीर्घकाळ दिलं होतं. गुटीत सहाणेवर उगाळलेल्या मुळीचा एक वळसा असतो, तोही आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात. दोन्ही एकाच मापाने कसं मोजता? शिवाय मूळ अमेरिकन वेखंडात बीटा-असारोन नसतंच. तिथल्या आदिवासी जमाती ते चघळत आल्या आहेत. ते वापरा.

तोळामासा:
वळसा हे माप नाही. नव्या खरखरीत सहाणेवर एका वळशात जेवढं उतरतं, तेवढं गुळगुळीत झालेल्या सहाणेवर तीन वळशांतही उतरत नाही. जायफळ जास्त उगाळलं गेलं की बाळ गुंगतं, आणि घरचे म्हणतात, गुटी छान लागू पडली! ती गुंगी आहे, गुण नव्हे.
अमेरिकन वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच, युरोपातल्यात तीन, बीटा-असारोनने भरलेल्या आपल्याकडच्या वाणात चार. सुकलेल्या तुकड्यावरून हे घरी ओळखणार कसं?

हळकुंड:
वेखंडावर अडकू नका. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० तयार आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून तयार पूड नकोच. हळकुंडालाही पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिसं असलेला पिवळा रंग) चोळलेलं असू शकतं. आणि गुटी मधात कालवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार) होऊ शकतो: आधी शी अडते, मग चोखणं मंदावतं, मान लुळी पडते.

मुरुडशेंग:
मध आणि पूड, दोन्ही बाद. मान्य. पण अख्ख्या मुळ्या धुऊन, उगाळून, पुसून उन्हात वाळवल्या तर हरकत काय? सहा महिने फक्त आईचं दूध, गुटी त्यानंतर.

सहाण:
मग गुटी कशासाठी? पोटात वात धरून रडणं बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. ज्या दुखण्यासाठी वेखंड द्यायचं, ते तोवर संपलेलं असतं. आणि सहाव्या महिन्यानंतर खारीक-बदाम द्यायचे तर सहाण कशाला, खिरीत वाटून घाला. वाळवण्याचं म्हणाल तर शिकागोच्या जानेवारीत ऊन कुठलं? ओलसर डब्यात सगळ्यात आधी बुरशी बदाम-जायफळाला धरते.

तोळामासा:
तरीही ज्यांना द्यायचीच आहे, त्यांनी बालरोगतज्ज्ञांना नुसतं 'हर्बल' सांगू नये. लॅटिन नावं लिहून न्या: वेखंड म्हणजे अ‍ॅकोरस कॅलमस, अतिविष म्हणजे अ‍ॅकोनिटम हेटेरोफायलम. दुसरं नाव वाचून डॉक्टर दचकतील, आणि ते योग्यच आहे. बचनाग हे जहाल विषारी मूळही अ‍ॅकोनिटमच, आणि चुकून त्याचा तुकडा डब्यात आला तर एक वळसाही फार होईल.